सही आपली, ड्रॉवर दुसऱ्याचा

मी नगरमध्ये ज्या ऑफिसात काम करतो तिथे एक ड्रॉवर आहे. त्यात पेनड्राइव्हसारखी दिसणारी पुष्कळ टोकन पडलेली असतात. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनाने लिहिलेले नाव, आणि काहींच्या नावाखालीच पिन. हे टोकन म्हणजे कंपनीच्या डायरेक्टरची डिजिटल सही. ज्याची सही तो माणूस पारनेरला, कर्जतला किंवा शेवगावला असतो. सही मात्र नगरच्या ड्रॉवरमध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की आम्ही एकेक टोकन कॉम्प्युटरला लावतो, पिन टाकतो, आणि वरची सगळी माहिती खरी असल्याचे जे जाहीरनाम्याचे कलम फॉर्मच्या शेवटी असते त्याखाली त्या माणसाची सही करून टाकतो. त्याने ते कलम वाचलेले नसते. आपण आज काही जाहीर केले हेसुद्धा पुष्कळांना माहीत नसते.

त्या चिकटपट्ट्यांवरची आडनावे मी वाचतो. सवयच आहे, आपल्यातला कोणीही वाचेल. काही आडनावे आपली असतात. आणि त्या आपल्या आडनावाच्या फायली उघडल्या की अनेकदा फोन नंबर दुसऱ्याचा, ई-मेल दुसऱ्याचा आणि आमची फी देणारा माणूसही दुसराच निघतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला 'पार्टी' म्हणतात. पार्टी तोच, जो फी देतो. सही करणारा पार्टी नसतो.

चळवळीतल्या मित्रांशी मी हा विषय काढला की ते जांभई देतात. रिटर्न, आरओसी, ऑडिट ही सीएची कामे, आपला काय संबंध? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो, म्हणून हा लेख.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम ९२ प्रमाणे प्रत्येक कंपनीला दरवर्षी वार्षिक विवरणपत्र भरावे लागते. त्याचा फॉर्म एमजीटी-७, छोट्या कंपनीसाठी एमजीटी-७ए. ताळेबंद वेगळा, तो एओसी-४ मध्ये. मार्चला वर्ष संपले की ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, सभेपासून ३० दिवसांत ताळेबंद आणि ६० दिवसांत विवरणपत्र. सभा शेवटच्या दिवशी झाली असे धरले तर विवरणपत्राची मुदत २९ नोव्हेंबरला संपते. संविधान दिनानंतर तीन दिवस आणि सहा डिसेंबरच्या आधी एक आठवडा. आपला कार्यकर्ता त्या दिवसांत कुठे असतो ते सांगायला नको. आपल्या जिल्ह्याचे कंपनी निबंधक पुण्यात बसतात, पण २००६ मध्ये एमसीए-२१ हे पोर्टल आल्यापासून कागद घेऊन पुण्याला जायची गरज राहिलेली नाही. नगरमध्ये बसून सगळे भरता येते. भरणारा कोण, एवढाच प्रश्न आहे.

सरकारी फी अगदी किरकोळ आहे. अधिकृत भांडवल एक लाखाच्या आत असेल तर एका फॉर्मला २०० रुपये, एक कोटीच्या वर असेल तरी ६००. पण जुलै २०१८ पासून उशिराला दर दिवशी दर फॉर्मला १०० रुपये लागतात आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्मचे रोज दोनशे. वर्षाचे ७३,०००. तीन वर्षांचे रिटर्न थकले आणि शेवटच्या तारखेलाही वर्ष उलटून गेले तर ४,३८,००० रुपये. ज्या कंपनीने तीन वर्षांत एक रुपयाचा धंदा केला नाही तिलाही हाच हिशेब. बंद पडलेले दुकान आपोआप बंद होते, बंद पडलेली कंपनी होत नाही. ती बंद करायलाही एसटीके-२ नावाचा अर्ज आणि १०,००० रुपये फी लागते, तीही थकलेले रिटर्न भरल्यावर.

आणि पैशांवर भागत नाही. सलग तीन वर्षे ताळेबंद किंवा विवरणपत्र भरले नाही तर कलम १६४(२) प्रमाणे त्या कंपनीचे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र होतात. दुसऱ्या कोणत्याही कंपनीत त्यांना डायरेक्टर होता येत नाही. २०१७ साली केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे रजिस्टरमधून काढली आणि सुमारे तीन लाख डायरेक्टरांना अपात्र ठरवले. शेल कंपन्यांवरचा सर्जिकल स्ट्राइक म्हणून टीव्हीवर बराच गाजावाजा झाला. त्या यादीत काळे पैसेवाले होते तसे कुणाचे तरी ड्रायव्हर, कुणाचे सुपरवायझर, कुणाच्या शेतावरचे सालगडीही डायरेक्टर म्हणून असणार, यात मला शंका नाही, कारण अशी माणसे माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. आमच्याच वस्तीतला मुलगा, आयटीआय केलेला, एका ठेकेदाराकडे कामाला. ठेकेदाराने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आणि ५१ टक्के शेअर या मुलाच्या नावावर ठेवले. का ठेवले ते कळायला फार अक्कल लागत नाही. स्टँड-अप इंडिया २०१६ साली आली तेव्हा कंपनीला कर्ज मिळण्याची अट हीच होती, की ५१ टक्के मालकी आणि कंपनीवरचा ताबा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाकडे किंवा स्त्रीकडे हवा. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करायची तरतूद २०१२ पासून आहे. म्हणजे आपल्या जातीच्या दाखल्याला बाजारात भाव आला. वस्तीत राहायला जागा न देणारा माणूस भागीदारीला नाव मागायला घरी येऊ लागला, चहाही पिऊ लागला.

या मुलाला दरमहा थोडे जादा पैसे मिळत होते. त्याने सह्या केल्या, ओटीपी सांगितले, टोकन ठेकेदाराच्या हिशेबनिसाकडे राहिले. काम संपले तशी कंपनी पडून राहिली. काही वर्षांनी त्याला चार मित्रांबरोबर स्वतःचे काही सुरू करायचे होते म्हणून तो माझ्याकडे आला. मी त्याचा डीन, म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक, पोर्टलवर टाकला. अपात्र. तो म्हणाला, "दादा, मी तर कधीच नोकरी सोडली." त्याला वाटत होते नोकरी सोडली म्हणजे डायरेक्टरपदही सुटले.

मग आम्ही शंभर रुपये भरून त्या कंपनीचे जुने कागद पोर्टलवर उघडले. दुसऱ्या वर्षीच्या विवरणपत्रात शेअर हस्तांतराचा तपशील होता. याचे ५१ टक्के शेअर ठेकेदाराच्या घरातल्या एकाच्या नावावर गेले होते. याला पत्ता नाही. हस्तांतराच्या कागदावर त्याची सही होतीच, कारण सुरुवातीला त्याने ज्या गठ्ठ्यावर सह्या केल्या त्यात तो कोरा फॉर्मही असणार. मालकी गेली, डायरेक्टरपद तेवढे राहिले. नफ्याच्या वेळी शेअर दुसऱ्याचे आणि दंडाच्या वेळी नाव याचे.

हे वाचून वतनी जमिनी आठवल्या नाहीत तर आपण आपला इतिहास विसरलो असे म्हणावे लागेल. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूरजवळच्या हरेगावला, महार-मांग वतनदारांची परिषद झाली. बाबासाहेब स्वतः आले होते. वतनी जमिनींवरच्या वाढीव जुडीच्या विरोधात ती परिषद होती. ज्या हरेगावात ती भरली ते बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचे गाव. त्या कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि खंडकऱ्यांना त्या परत मिळवायला पिढ्या घालवाव्या लागल्या. कागद ज्याच्या ताब्यात त्याची जमीन, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली, जमिनी सारा भरून फेरदेण्यात आल्या, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशी अट आली. अट सातबाऱ्यावर राहिली आणि जमीन अंगठ्यावर गेली. आजोबांनी अंगठा कशावर दिला हे आजोबांना वाचता येत नव्हते. नातवाला वाचता येते, तो पदवीधर आहे. तरी त्याचा अंगठा चिकटपट्टी लावून दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेला आहे. हे मला जास्त लागते.

२००४ नंतर राज्य सरकारने अनुसूचित जातींच्या औद्योगिक सहकारी संस्थांना भागभांडवल दिले. त्यातल्या किती शेडमध्ये यंत्रे फिरली आणि चेअरमन म्हणून सही करणारे आपले बांधव नंतर कुणाच्या वसुलीच्या नोटिसा घेऊन फिरले, हे प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याला ठाऊक आहे. तिथे चेकबुक होते, इथे टोकन आहे.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४२ सांगते की डिजिटल सहीची खासगी चावी आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी सहीच्या मालकाने घ्यायची. कलम ६६-सी प्रमाणे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कंपनी कायद्याच्या कलम ४४८ नुसार विवरणपत्रात खोटे लिहिले तर ती फसवणूक समजली जाते आणि शिक्षा कलम ४४७ ची, जी दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. आता कोर्टात उभे राहून 'टोकन माझ्याकडे नव्हते' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाईल, मग दिले कशाला? मीही हे काम करतो, मीही अशी टोकन लावली आहेत. पार्टीला फोन केला, 'करून टाका' म्हणाली, केले. त्यात लबाडी नव्हती, सोय होती. पण सगळी फसवणूक या सोयीच्या दारातूनच आत येते, हे मी नाकारू शकत नाही.

इथे आपल्यातले काही विचारी मित्र आक्षेप घेतील. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे मांडले. मग तुम्ही पोरांना कंपन्यांचे रिटर्न भरायला काय शिकवता? दलित भांडवलशाहीचा प्रचार करता का?

मी तो करत नाही. चार आपली माणसे कोट्यधीश झाली म्हणून वस्तीतली गटारे वाहायची थांबत नाहीत, हे मलाही दिसते. पण बाबासाहेबांचेच आयुष्य बघा. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडून ते मुंबईला आले तेव्हा त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर पक्षकार येईनासे झाले आणि तो बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचा सल्ला लोकांना नको होता. तरी त्यांनी ते क्षेत्र सोडले नाही. १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये मर्कंटाइल लॉ, म्हणजे व्यापारी कायदा शिकवत होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. एकाच माणसाच्या एकाच वर्षाच्या दिनक्रमात महाड आहे आणि हिशेबाच्या विद्यार्थ्यांचा व्यापारी कायद्याचा वर्गही आहे. आपण महाड घेतले, ते घ्यायलाच हवे होते. दुसरा वर्ग आपण कुणासाठी सोडून दिला? पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय काढले ते उगाच नव्हे.

भांडवलशाहीशी लढायचे असेल तरी तिचे कागद वाचता यायला हवेत. आणि हे कागद उघडे आहेत, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना फारशी माहीत नाही. माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आपण तोंडपाठ केला. कंपनी कायद्याच्या कलम ३९९ प्रमाणे कोणत्याही कंपनीची निबंधकाकडची कागदपत्रे शंभर रुपये भरून कुणालाही पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाऱ्याच्या उत्तराची तीस दिवस वाट बघावी लागत नाही. सुप्याच्या, नागापूरच्या किंवा श्रीरामपूरच्या एमआयडीसीत अनुसूचित जातीच्या उद्योजकाच्या नावावर प्लॉट किंवा सवलत घेतलेली कंपनी असेल तर तिचे तीन-चार वर्षांचे एमजीटी-७ काढा. शेअरधारक कोण, कधी बदलले, डायरेक्टर कोण, सभेला कोण हजर, सगळे तिथे लिहिलेले असते. ५१ टक्के आजही आपल्या माणसाचे आहेत की फक्त प्लॉट मिळेपर्यंत होते, हे पाच मिनिटांत कळते. खर्डा-सोनईच्या वेळी जिल्हा रस्त्यावर उतरला, उतरायलाच हवे होते. या लुटीत रक्त सांडत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी उतरत नाही. निदान शंभर रुपये तरी भरा.

राहिला प्रश्न हे काम शिकण्याचा. आपली हुशार मुले नगरच्या आणि पुण्याच्या अभ्यासिकांत वयाची तिशी ओलांडतात. जागा किती निघतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी इथे रडत बसत नाही. बी.कॉम. झालेल्या मुलीला किंवा मुलाला सभासद नोंदवही, सभेचे इतिवृत्त, हिशेबाच्या नोंदी आणि पोर्टलवरचे फॉर्म भरायला एक हंगाम पुरतो. जिथे प्रमाणपत्र लागते तिथे सीए किंवा सीएसच हवा, त्यांची सही आपण करायची नाही. पण त्या सहीच्या आधीचे नव्वद टक्के काम करणाऱ्याला कुठलेही लायसन लागत नाही. ज्याला जमेल त्याने बारावीनंतर सीएसच्या प्रवेश परीक्षेला बसावे. कठीण आहे, पण एमपीएससीपेक्षा यात एक गोष्ट बरी आहे, इथे जागा मोजून काढलेल्या नसतात. नगरमध्ये या कामाची ऑफिसे थोडी नाहीत. पाटीवर आपले आडनाव असलेली मला बोटावर मोजावी लागतात.

जुलै २०२५ पासून पोर्टलच्या नव्या फॉर्ममध्ये नोंदणीकृत कार्यालयाचा बाहेरून घेतलेला फोटोही लागतो, त्यात कंपनीच्या नावाची पाटी दिसली पाहिजे. ऑफिसातले लोक या नियमाला वैतागले आहेत. मला तो आवडला. ज्याच्या घराच्या पत्त्यावर परस्पर कंपनी नोंदवली आहे त्याला निदान पाटी लावायला येणारा माणूस तरी दिसेल.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्याची पाच वर्षे अजून संपलेली नाहीत. पण वस्तीतल्या शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबांची उत्पादक कंपनी काढायचे ठरले. उत्पादक कंपनी म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा त्याचीच, असा एक गैरसमज आहे. पशुपालन हेही कायद्याने प्राथमिक उत्पादनात येते. दहा उत्पादक पुरतात, किमान पाच संचालक लागतात, आणि सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असोत, मत एकच. एक व्यक्ती एक मत, तेही कंपनीत. मला त्यात काही वेगळे सांगायची गरज वाटली नाही, बैठकीत बायाच लगेच म्हणाल्या की हे बरे आहे.

त्याला संचालक होता येत नव्हते, म्हणून त्याने बायकोचे नाव दिले. नोंदवही तो लिहिणार, कच्चा रिटर्न तो भरणार. मी विचारले, टोकन कुणाकडे राहणार? तो सहज म्हणाला, "माझ्याकडेच की, तिला कशाला त्रास." मी काही बोललो नाही, नुसता ड्रॉवर उघडून दाखवला. तो हसला, मग गप्प झाला.

चार दिवसांनी ती स्वतः ऑफिसात आली. मोबाईल नंबर तिचा, ई-मेल त्याच दिवशी काढलेला. टोकन कॉम्प्युटरला लावले, पिन टाकायची वेळ आली तेव्हा तिने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही दोघंबी जरा तिकडं बघा."